हरभऱ्याच्या वावरातला गोटा

१

"दीक्षा, पेटीत गोटा आहे. पण तो माहा नाई."

सोमवारी सकाळी काळमेघ सरांनी बायकोकडून लावून घेतलेला फोन आला, तेव्हा दीक्षा तायडे अकोल्यात एका जळालेल्या जिनिंग कारखान्याच्या आवारात घोट्याएवढ्या राखेत उभी होती. विमा कंपन्यांसाठी दाव्यांची शहानिशा करणं हा तिचा धंदा. आग लागली की लावली, ट्रक चोरीला गेला की मेव्हण्याच्या अंगणात उभा आहे, हे शोधून काढण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. खोटं बोलणारी माणसं तिला रोज भेटत आणि त्यांच्याबद्दल तिला आता रागही येत नसे. पण सरांचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. शाळेत तिला ज्वालामुखी शिकवताना टेबलावर मुठी आपटून शेजारचा वर्ग हादरवणारा माणूस तो. फोनवर तो आवाज पार बसला होता.

दुपारी ती अमरावतीला रुक्मिणीनगरात पोचली. कूलर घरघरत होता, वाळ्याचा ओला वास सुटला होता आणि जानराव काळमेघ सर बनियनवर, मांडीवर सागवानी पेटी घेऊन बसले होते.

सरांचा नाद साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होता. नोकरीत असतानाच त्यांनी आकाशातून पडलेले दगड शोधायला सुरुवात केली आणि निवृत्तीनंतर तर दुसरं काही उरलंच नाही. पिकं निघाली की दर रविवारी त्यांची टोळी रिकाम्या वावरांतून फिरे. हातात काठी, काठीच्या टोकाला लोहचुंबक. सापडे ते भट्टीचं मळ, नांगराचे तुटके फाळ, बैलाच्या खुरांचे नाल. इतक्या वर्षांत आकाशाने एक खडासुद्धा दिला नव्हता. आणि मग या फेब्रुवारीत, दर्यापूरच्या पुढे बोरखेडी गावात, मोतीराम गावंडेच्या हरभऱ्याच्या वावरात, सरांच्या पायाशी तो गोटा पडलेला मिळाला. लहान नारळाएवढा, गर्द तपकिरी, ओल्या मातीत अंगठे दाबावेत तसे खळगे असलेला. चुंबक त्याला खटकन चिकटला.

"पूर्णाकाठचा तो खारपाणपट्टा," सरांनी तिला शाळेतल्यासारखं समजावलं. "तथी खोलवर काळी माती. गोटा औषधालेही सापडत नाई. म्हणून तर मी तोच भाग धरून होतो. तथी गोटा दिसला म्हणजे दोनच गोष्टी. कोणीतरी आणला, नाईतर वरून आला."

"आता पेटीत काय आहे?"

सरांनी लोकरीचं फडकं उलगडलं. आत साधा काळा दगड होता, पांढऱ्या ठिपक्यांचा, वऱ्हाडात कुठल्याही कुंपणाला लावलेला असतो तसला. सरांच्याच आवारात झाडाच्या आळ्याभोवती तसले दगड मांडलेले होते.

काल रविवारी टोळीचं जेवण होतं. येत्या गुरुवारी नागपूरहून भूवैज्ञानिक खात्याचे अधिकारी गोटा तपासायला येणार होते, त्याच दिवशी सरांचा सत्कार होता, म्हणून दुर्गाबाईंनी सगळ्यांना पुरणाचं जेवायला बोलावलं होतं. जेवणाआधी पेटीत गोटा होता, सगळ्यांनी पाहिला. आज सकाळी नव्हता. पेटीला कुलूप कधीच नसे.

"चौघं आले होते," सर म्हणाले. "प्रणाली, खुशालराव, मोतीराम आणि किशोर लढ्ढा. आता तू विचारशील कोणावर संशय आहे. किशोरवर. अकोल्यात जुन्या शहरात त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागच्या खोलीत दगड, नाणी, शंख, काय नाई ते. तीनदा मागितला त्यानं माह्याकडं. उद्या पोलिसांत जातो मी, त्याचं नाव घेऊन."

"सर, एकदा नाव घेतलं की मागं घेता येत नाही. बुधवारपर्यंत थांबा."

सरांनी दगड फडक्यात गुंडाळून पेटी बंद केली. "बुधवार," ते म्हणाले. "त्याच्यापुढं एक दिवस नाई."

२

सरांच्या बायकोशी, दुर्गाबाईंशी, दीक्षा स्वयंपाकघरात बोलली. त्या सांबारवड्या तळत होत्या आणि त्यांना चोरीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा राग होता.

"मले तर तो गोटा आला त्या दिवसापासून नकोसा झाला होता. वावरातून आणला आणि माह्या पुजेच्या तांब्याच्या घंगाळात धुतला. खाली ही अशी रेती बसली, गेरूवानी लाल. घासता घासता घंगाळाले ओरखडे पडले. अजून दिसते, पाय."

दीक्षाने घंगाळ पाहिलं. ओरखडे होते.

"आणि हे," दुर्गाबाईंनी झारा बैठकीच्या दिशेने हलवला, "तेव्हापासून घरातच. आधी रविवार उजाडला की चहासाठी थांबत नव्हते. आता हे शाळेत भाषण, ते क्लबात भाषण. काठी माळ्यावर पडली. डॉक्टरनं हृदयाचं सांगितलं तेव्हाही सोडली नव्हती, म्हणजे सोडतो म्हणाले होते, रडले होते दिवाळीत, पण मग खुशालरावांनी समजूत काढून परत नेलं."

बैठकीत तोवर दोघं येऊन बसले होते. प्रणाली महल्ले कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. पस्तिशीची, बोलताना सारखा चष्मा वर सारणारी. तिच्या शेजारी खुशालराव वानखडे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, सरांचे पहिलीपासूनचे मित्र. टोळीची जीप त्यांचीच. एरवी खुशालराव आले की घरात हसू सुरू होई. आज ते गुडघ्यावर हात ठेवून गप्प बसले होते, आणि सरांनी मागितल्याबरोबर पाणी आणायला उठले.

"माझा विषय भूजल," प्रणाली दीक्षाला म्हणाली. "उल्का मला आवडीपुरत्या कळतात. म्हणून तर नागपूरला मीच फोन केला. मी सरांकडे नखाएवढा तुकडा मागितला होता, कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. सर म्हणाले, आधी माहं बोट काप."

तिच्या मोबाइलवर गोट्याचे फोटो होते, अगदी जवळून घेतलेले. दीक्षाने ते मोठे करून पाहिले. एक बाजू खळग्यांची, खरबरीत. दुसरी बाजू मात्र गुळगुळीत, वर्षानुवर्षं बसून चकाकी आलेल्या पारासारखी.

"हे असं कशानं होतं?"

"घासल्यानं. पाणी, वारा, काहीही." प्रणालीने चष्मा वर सारला. "तेच तर विचारायचं होतं अधिकाऱ्यांना."

"तुम्ही काय म्हणता, खुशालरावकाका?"

"मी काय म्हणू, बाई. मले दगडातलं काय समजते. मी गाडी चालवतो." त्यांनी पाण्याचा पेला सरांच्या हातात दिला. "दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तर मी अथी नव्हतोच. नीलमकडं होतो, लेकीकडं, जर्मनीले. तिथल्या थंडीनं माहे उरलेले दात पडते का काय असं झालं होतं. आलो आणि महिन्याभरात गुरुजीले गोटा सापडला. एवढंच मले माहीत."

निघताना प्रणाली फाटकापर्यंत आली. तिने मागे वळून पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "सरांसमोर नाही बोलले. त्यांना आधीच तसं वाटतंय. पण काल जाताना किशोरभाऊंच्या हातात कापडी पिशवी होती. येताना नव्हती. आणि जड होती, खांदा वाकला होता त्यांचा."

३

मंगळवारी सकाळी दीक्षा मोर्णेच्या पुलावरून जुन्या शहरात शिरली. किशोर लढ्ढाचं दुकान शोधायला लागलं नाही. पाटीवर चष्म्याच्या चित्राशेजारी एक शंखही रंगवलेला होता.

किशोर एका म्हाताऱ्या बाईंना अक्षरांचा तक्ता वाचायला लावत होता. दीक्षाला पाहून त्याने बाईंना चहा दिला, थांबायला सांगितलं आणि तिला मागच्या खोलीत नेलं. मग तिने तोंड उघडायच्या आधीच म्हणाला, "सरांनी पाठवलं ना? मला कळलंय माझ्यावर येणार म्हणून. घर तपासा, दुकान तपासा. क्यूँ घबराऊं?"

"रविवारी पिशवीत काय होतं?"

"कैऱ्या." त्याने कपाळाला हात लावला. "काकूंनी दिल्या. आईला लोणचं घालायचं होतं. बरणी वर उन्हात ठेवली आहे, बघा. आईलाच विचारा."

जिन्यावरून मोहरीचा वास येतच होता. दीक्षाने आईला विचारायची तसदी घेतली नाही.

"तुम्ही गोटा तीनदा मागितला."

"विकत मागितला, चोरून नाही. आणि मॅडम, एक सांगतो. एप्रिलमध्ये सरांनी तोच गोटा आठवडाभर माझ्याकडे दिला होता. जुन्या शहरातल्या पोरांना दाखवायला. इथं, या टेबलावर होता. रोज गर्दी. आठव्या दिवशी मी स्वतः बसने नेऊन परत केला. घ्यायचाच असता तर तेव्हा एक भारी दगड घडवून घेतला असता, चुंबक चिकटणारा, वरून काळा केलेला. सरांना महिनाभर कळलं नसतं. पेटीत जे ठेवलंय म्हणून प्रणालीनं फोनवर सांगितलं, ते तर कुंपणाचं ध्यान आहे. दगडातलं थोडंही कळणारा माणूस असला बदली दगड ठेवेल का?"

दीक्षाला हे पटलं. ज्याने दगड बदलला त्याला सरांना फसवायचं नव्हतंच. पेटी उचलली तर हलकी लागू नये एवढीच त्याची गरज होती. आणि आणखी एक गोष्ट तिच्या मनात टोचत होती. गोटा तीन महिने बिनकुलपाचा पडून होता. चोर एवढे दिवस थांबला, आणि तपासणी चार दिवसांवर आली तेव्हा त्याने हात घातला.

"तुमच्याकडं आकाशातला एखादा आहे का?"

किशोरचा चेहरा उजळला. त्याने कापसाच्या डबीतून लिंबाएवढा एक तपकिरी दगड काढला. "सहाराचा. तिथल्या वाळवंटात काळं काही पडलं की लगेच दिसतं, म्हणून तिकडचे लोक उंटावरून, मोटारसायकलवरून गोळा करतात. युरोपात दगडांच्या जत्रा भरतात, तिथं विकायला येतात. हा मी एका ओळखीच्या माणसाकडून मागवला. हात लावा ना."

एका बाजूने खळगे होते. दुसरी बाजू गुळगुळीत, चकाकणारी.

"ही बाजू अशी का?"

"वारा. हजारो वर्षं वाळू मारतो तोंडावर. वर राहिलेली बाजू घासून निघते." त्याने खिडकीजवळ नेऊन दगड तिरका धरला. "आणि खळग्यात बघा, अजून अडकलेली आहे. कितीही ब्रश केला तरी थोडी निघतेच."

दीक्षाने टाचणीने खळगा कोरला. कागदावर चिमूटभर रेती पडली. लाल, गेरूसारखी.

ती कागद तसाच धरून इतका वेळ बसली, की बाहेरच्या म्हाताऱ्या बाईंनी दोनदा हाक मारली.

"काय झालं?" किशोरने विचारलं.

"किशोरभाऊ," ती म्हणाली, "मी दोन दिवस चुकीचा प्रश्न विचारून राहिले होते."

४

दाव्यांच्या कामात दीक्षा एक गोष्ट शिकली होती. एखादी वस्तू चोरीला गेली असं कोणी म्हटलं, की सगळे चोर शोधायला धावतात. ती वस्तू सांगितली तशीच होती का, हे कोणी विचारत नाही.

दुपारच्या एसटीने ती बोरखेडीला उतरली. ऊन असं होतं की वावरांवर हवा थरथरत होती. जमिनीला भेगा पडल्या होत्या, हात कोपरापर्यंत जाईल अशा. मोतीराम गावंडे बाभळीखाली बसून दोर वळत होता. काळासावळा, डोक्याला दुपट्टा, बोलायला मोकळा. बांधाजवळ विटांचा एक चौथरा अर्धा उभा होता.

"हा आमच्या गोट्यासाठी," तो म्हणाला. "आकाशातून आला तो आमच्या गावात. नागपूरवाले नेतीन, तपासतीन, मंग मी म्हणणार, तपासला ना, आता वापस द्या. गावातले लेकरं पायतीन. आता सर म्हणते चोरी झाला. आन् काही लोक माह्याकडं पाहून राहिले. मी चोरून त्याले काय धान्यात गाडू? मले तर साऱ्याइले दाखवाचा होता."

खरंच होतं ते. लपवून ठेवलेला गोटा मोतीरामच्या काहीच कामाचा नव्हता. प्रणालीनेच तपासणीला माणूस बोलावला होता. किशोरने हातात आलेला गोटा परत नेऊन दिला होता. दीक्षाने मनातल्या मनात तिघांची नावं खोडली आणि बांधावर बसली.

"मोतीरामभाऊ, हे वावर मला दाखवा. इथं दगड निघतात?"

"दगड?" तो हसला. "विहिरीच्या काठाले दगड पायजेन होते तर अकोटाकडून ट्रॉली आणली. अथी लेकराले आंबा पाडाले गोटा सापडत नाई, ढेकूळ मारते."

"गोटा सापडला त्याआधी वावरात काय होतं?"

"हरबरा. बाया सोंगून, कापून गेल्या होत्या. वळीनं बसून सोंगते त्या, तास न् तास. हाताखालून सारं वावर जाते."

"त्यांना गोटा दिसला नाही?"

मोतीरामचा हात दोरावर थांबला. "नाई दिसला," तो सावकाश म्हणाला. "दिसला असता तर मलेच आणून देल्ला असता. एवढा मोठा गोटा, वावराच्या मधात. खरंच, काहून नाई दिसला?"

"नंतर पडला असेल. वरून काही पडलं तर आवाज होतो म्हणतात, आभाळात उजेड दिसतो. त्या आठवड्यात काही झालं?"

"काईच नाई. रोज वावरातच होतो मी. सोंगलेल्या ढिगावर रात्रीची जागल करत होतो, रानडुकराइपायी."

दीक्षाने वाळलेल्या मातीचा खडा उचलला आणि हातातल्या बाटलीचं थोडं पाणी त्यावर ओतलं. तळहातावर काळा चिखल झाला, शाईसारखा. लाल कणाचा मागमूसही नव्हता. असल्या मातीत वर्षानुवर्षं पडलेला गोटा घंगाळात धुतला असता, तर दुर्गाबाईंनी वेगळीच तक्रार केली असती.

"शेवटचं विचारते. त्या रविवारी टोळी याच वावरात का आली? आजूबाजूला एवढी वावरं आहेत."

"मले फोन आला ना आदल्या रोजी. का बा, हरबरा सोंगून झाला का, बाया गेल्या का, उद्या येऊ का. म्हटलं या."

"सरांचा फोन?"

"सर कुठी फोन करते. त्याइले फोनमधलं काई समजत नाई." मोतीराम दोर बाजूला ठेवत म्हणाला. "खुशालरावचा होता."

५

बुधवारी सकाळी दीक्षा बडनेऱ्याला गेली तेव्हा खुशालराव ओट्यावर जीपचा आरसा पुसत होते. पुसून झालेला आरसाच ते परत परत पुसत होते.

"काका, नीलम जर्मनीत कुठं राहते?"

त्यांनी एका शहराचं नाव सांगितलं.

"तिथं दगडांची जत्रा भरते?"

खुशालरावांनी फडकं खाली ठेवलं. त्यांनी नाकारलं नाही, रागावलेही नाहीत. फक्त म्हणाले, "आत ये. अथी लोकं ऐकते."

आत खाटेवर बसून दीक्षाने सगळं क्रमाने सांगितलं. तांब्याच्या घंगाळातली लाल रेती आणि तळहातावरचा काळा चिखल. वाऱ्याने घासलेली बाजू, जी फक्त वाळवंटात होते. सोंगणाऱ्या बायांना न दिसलेला गोटा, आणि आभाळात न झालेला आवाज. "जुना असता तर बायांना दिसला असता. नवा असता तर तो असा घासलेला नसता. मग एकच उरतं, कोणीतरी बाया गेल्यावर आणून ठेवला. सर मला हेच म्हणाले होते, कोणीतरी आणला नाईतर वरून आला. पहिलं त्यांनी तपासलंच नाही, एवढा आनंद झाला होता त्यांना. आणि ज्याने आणला, त्यालाच गुरुवारच्या तपासणीची भीती. बाकी कोणाला ती नव्हती."

खुशालराव उठले. स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या कोठीत त्यांनी दंडापर्यंत हात घातला आणि मलमलीत गुंडाळलेला गोटा बाहेर काढला.

"गंज चढते म्हणे याले," ते म्हणाले. "तांदूळ ओल धरू देत नाई. रविवारी सारे हात धूत होते तेव्हा आळ्यातला दगड पेटीत ठेवला आणि हा काढून घेतला. वाटलं होतं, पूर्णेच्या डोहात टाकून द्यावा. पुलावर गाडी थांबवलीही. पण हात होईना. किती दूरचा आहे तो, आणि मी त्याले डोहात टाकू?"

"कशासाठी केलं, काका?"

"दिवाळीत दवाखान्यातून घरी आला तेव्हा जानराव मले म्हणाला, खुशाल, संपलं. काठ्या शाळेले देऊन टाकू. उभ्या जन्मात एक खडा हातात घेता आला नाई. मी त्याले असा कधी पाह्यला नव्हता. मंग नीलमकडं गेलो, त्या जत्रेत हा दिसला. म्हटलं, हातात घेऊ दे त्याले एकदा. संध्याकाळी सांगून टाकीन, हसू दोघं मिळून, दोन शिव्या देईल." त्यांनी गोटा मांडीवर फिरवला. "पण तो वावरात खाली बसला. गोटा पोटाशी धरून बसला, बोलेचना. मले म्हणाला, खुशाल, आता मेलो तरी चालते. आता तूच सांग, कसं सांगू? मंग पेपरात आलं. मंग भाषणं. मंग नागपूर. रोज म्हणत होतो उद्या सांगू."

बाहेर शेजारच्या घरी कोणीतरी कूलरमध्ये पाणी ओतत होतं. दीक्षाला राग येत नव्हता, आणि त्याचंच तिला थोडं नवल वाटत होतं.

"सर संध्याकाळी पोलिसांत जाणार आहेत," ती म्हणाली. "किशोरचं नाव घेऊन."

हे खुशालरावांना ठाऊक नव्हतं. त्यांनी गोटा उचलला, कोपऱ्यातल्या चपला पायात घातल्या, डावी उजव्यात आणि उजवी डाव्यात, आणि तशाच अवस्थेत जीपकडे निघाले.

"बाई, तू बस माह्या शेजारी," ते म्हणाले. "मधात उतरून पळालो तर धर मले."

६

सरांनी सगळं ऐकून घेतलं. दुर्गाबाई दारात उभ्या राहिल्या होत्या, हात पदराला पुसत. टेबलावर गोटा होता.

"वावरात आणला तेव्हा खिशात होता?" शेवटी सरांनी विचारलं.

"सदऱ्याखाली. पोटाशी बांधला होता."

"म्हणून त्या दिवशी म्हणत होता, पोट दुखते."

"खरंच दुखत होतं. टोचत होता."

मग सर उठून उभे राहिले, आणि ज्वालामुखीचा तो जुना आवाज बाहेर आला. "तुले समजते का तू काय करून राहिला होता? उद्या याची नोंद झाली असती. बोरखेडी, तालुका दर्यापूर, असं छापून आलं असतं. पोरं पन्नास वर्षं तेच पाठ करत बसली असती. खोटा भूगोल, खुशाल. माह्या नावानं खोटा भूगोल. आणि तो किशोर, ज्याच्या घरी माहे पोट्टे दगड पाहाले जातात, त्याले मी आज तुरुंगात पाठवणार होतो."

खुशालराव मान खाली घालून उभे होते. दीक्षाने मधे पडायचा विचार केला आणि सोडून दिला. हे दोघांचं होतं.

सर खिडकीशी गेले. परत वळले तेव्हा चेहरा बदलला होता.

"एक सांगू?" ते हळू म्हणाले. "हा सापडल्यापासून मी वावरात गेलो नाई. शोधाचं काय राह्यलं होतं आता? रविवारी सकाळी जाग येते आणि छताकडं पाहत पडून राहतो. लोक म्हणते, सर, तुमचं सपनं पुरं झालं. मी हो म्हणतो. पण मले करमत नाई, खुशाल. मले वाटलं माणूस म्हातारा झाला की असंच होते."

त्यांनी टेबलावरचा गोटा बाजूला सारला.

"म्हणजे पूर्णाकाठी आमाले अजून काईच सापडलं नाई."

"नाई," खुशालराव म्हणाले.

"काईच नाई," सर पुन्हा म्हणाले, आणि दुर्गाबाईंनी पाहिलं की ते हसताहेत. "काठ्या माळ्यावरच आहे ना वो?"

किशोरला त्यांनी लगेच फोन लावायला सांगितला, दीक्षाकडून, कारण त्यांना फोनमधलं काही समजत नसे. माफी मागितली. किशोर म्हणाला की माफीबिफी राहू द्या, काकूंनी अजून थोड्या कैऱ्या पाठवाव्यात. मग नागपूरच्या अधिकाऱ्यांना लावला आणि जसं घडलं तसं सांगितलं. अधिकारी म्हणाले की त्यांच्या नोकरीत असा फोन पहिल्यांदाच आला, आणि उद्या ते तरीही येतील, सहाराचा का होईना, चांगला नमुना दिसतोय.

गुरुवारी सत्काराच्या हॉलमध्ये पंखे कमी आणि माणसं जास्त होती. सरांनी हार घ्यायला नकार दिला आणि भाषणात खरं काय ते सगळं सांगितलं, खुशालरावांचं पोट दुखल्यासह. आधी कुजबुज झाली, मग कोणीतरी हसलं, मग सगळा हॉल. खुशालराव शेवटच्या रांगेत डोक्यावर रुमाल टाकून बसले होते. अधिकाऱ्यांनी गोटा भिंगाखाली फिरवून सांगितलं की आकाशातला आहे, अस्सल आहे, आणि आपल्या मातीतला नसल्यामुळे सरकारचा यावर काही दावा नाही. ज्याने आणला त्याचा.

तेव्हा मधल्या रांगेतून मोतीराम गावंडे उभा राहिला.

"साहेब, आकाशातून आला हे खरं ना?"

"खरं."

"मंग आधी कुठी पडला, काय फरक पडते? शेवटी आला तो बोरखेडीलेच. आमचा चौथरा अर्धा होऊन बसला आहे."

खुशालरावांनी रुमाल काढला आणि हो म्हटलं. प्रणालीने एका पाटीवर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, की हा दगड आकाशातून सहाराच्या वाळवंटात पडला आणि खुशालराव वानखडे यांनी तो बोरखेडीला आणला. मोतीरामला पाटी आवडली. फक्त गावाचं नाव थोडं मोठं करून हवं होतं.

त्यानंतरच्या रविवारी दीक्षाही गेली. पहाटेच्या गारव्यात जीप पूर्णेकाठच्या एका नांगरलेल्या वावराशी थांबली. प्रणाली उतरली, किशोर उतरला, सरांनी काठीचं चुंबक फडक्याने पुसलं आणि बांधावर जाऊन आडवे उभे राहिले.

"खुशाल, हात वर कर."

खुशालरावांनी मुकाट्याने दोन्ही हात वर केले. सरांनी त्यांचे खिसे चाचपले, सदरा उचलून पोट पाहिलं, टोपी काढून आत बघितलं, आणि चपलाही झटकायला लावल्या. मगच ते बाजूला झाले.

"आता चाल," ते म्हणाले, आणि सगळे एका ओळीत, खाली बघत, वावरात उतरले.